विश्रामबागवाड्यातलं अण्णांचं टेबल

"विश्रामबागवाडा उघडा असतो का गं हल्ली?" बाबांनी मागच्या महिन्यात सकाळी चहा पिताना विचारलं आणि मला कळेचना की हे आज मध्येच कुठून आलं. बाबा आता ७९ चे, दोन्ही गुडघे दुखतात, कोथरूडहून पेठेत जायचं म्हणजे रिक्षा, ट्रॅफिक, उतरल्यावर बाजीराव रोडची गर्दी, त्यामुळे हल्ली ते गावात जायचं टाळतातच. (पेठांना आमच्या घरी अजून 'गाव'च म्हणतात, कोथरूडला येऊन इतकी वर्षं झाली तरी.) मी म्हटलं, असतो की, का हो? तर म्हणाले, "एकदा अण्णांचं टेबल कुठं होतं ते बघून येऊ."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. म्युनिसिपालिटीत कारकून होते. आणि पुण्याची म्युनिसिपालिटी तेव्हा विश्रामबागवाड्यात होती, १५ फेब्रुवारी १९५० ला तिची महानगरपालिका झाली त्यानंतरही बरीच वर्षं कारभार तिथूनच चालायचा. बाबा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. सकाळची शाळा सुटली की घरी यायचं, आजी पितळी डबा फडक्यात बांधून हातात द्यायची आणि हे सदाशिव पेठेतल्या वाड्यातून चालत निघायचे, डबा हलवायचा नाही, रस्त्यात गोट्या खेळायला थांबायचं नाही, आमटी सांडली तर संध्याकाळी विचारणा होणार. हे सगळं मी शंभर वेळा ऐकलंय. पण टेबल नेमकं कुठं होतं हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

माझा स्वतःचा विश्रामबागवाडा वेगळा. माझ्यासाठी तो म्हणजे पोस्ट. आईबरोबर तुळशीबागेत जायचं, तिथून बाहेर पडलं की आई हमखास म्हणायची चल जाता जाता इनलँड घेऊ, आणि मग वाड्याच्या तळमजल्यावरच्या त्या पोस्टात शिरायचं. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गार. खळीच्या डब्यात बोट बुडवून तिकिटं चिकटवायची. राख्यांची पाकिटं टाकायला श्रावणात जाम गर्दी. मी खळीचं बोट खांबाला पुसलं म्हणून एकदा आईचा धपाटा खाल्लाय, आणि तो खांब दोनशे वर्षांचा आहे हे आईलाही त्या वेळी डोक्यात नसावं, तिला फक्त चारचौघांत पोरगी घाण करते याचाच राग. इतिहास वगैरे नंतर. आधी तो आपल्या रोजच्या रस्त्यावरचा वाडा होता.

पुण्यात कुणालाही विचारा विश्रामबागवाडा कुणाचा, तर उत्तर येतं दुसऱ्या बाजीरावाचा. आणि पाठोपाठ 'पळपुटा' हे विशेषण येतं. मग बोलणं तिथंच संपतं, कारण शेवटच्या पेशव्याबद्दल आपल्याला फार बोलायचं नसतं, राज्य त्याच्या काळात गेलं आणि ते दुखणं अजून कुठंतरी आहेच. मला ते समजतं. पण वाड्यावर त्यामुळे अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहायला घेतलाय.

आधी बाजीरावाचं सांगून टाकते. १७९६ च्या डिसेंबरात तो गादीवर आला. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरपाशी यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरला, तिथून वसई, आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांबरोबर तह. पुढच्या मे महिन्यात इंग्रजांच्या फौजेच्या आधाराने तो पुण्यात परत आला. आता राहायचं कुठं? शनिवारवाडा होता की, पण त्या वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा खून झालेला आणि बाजीराव हा राघोबादादांचा मुलगा, म्हणजे ज्यांच्या नावाला तो खून कायमचा चिकटला त्यांचा. त्यानंतर १७९५ मध्ये सवाई माधवराव तिथंच वरून पडून गेले, वय अवघं एकवीस. अशा घरात रात्री झोप कशी लागेल कुणाला. बाजीरावाने वेगळे वाडे बांधले ते बाकी कशासाठीही असोत, मला त्यातलं हे एक कारण अगदी माणसासारखं वाटतं.

तर शुक्रवारवाडा झाला, बुधवारवाडा झाला आणि हरिपंत फडक्यांची बाग होती त्या जागेवर विश्रामबाग. साधारण १८०७ च्या आसपास तो उभा राहिला, खर्च दोन लाखांच्या घरात. नावच विश्रामाचं. आणि विश्राम किती मिळाला, तर जेमतेम दहा वर्षं, तीही एल्फिन्स्टनसारखा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, संगमावर बसून प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवतोय अशी. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई, त्याच महिन्यात पुणं इंग्रजांच्या हातात, पुढे सहा-सात महिने पळापळ आणि ३ जून १८१८ ला माल्कमपुढे शरणागती. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन बाजीराव गंगेकाठी ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेला आणि १८५१ च्या जानेवारीत तिकडेच वारला. म्हणजे तिकडे ३२-३३ वर्षं आणि या वाड्यात दहा. वाड्याचं आजचं वय धरलं तर दोनशेच्या वर आणि त्यातली दहा वर्षं पेशव्यांची. उरलेली दोनशे कुणाची?

पण त्याच्याही आधी ज्यांनी तो बांधला त्यांच्याबद्दल. रस्त्यावर उभं राहून वर बघा, शक्यतो सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत, कारण नंतर मान वर करायला जागाच मिळत नाही. वरच्या मजल्याच्या त्या सज्जाला सागवानी खांब आहेत, त्यांना सुरूदार खांब म्हणतात, सुरूच्या झाडासारखे, खाली फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना केळफूल कोरलेलं, अगदी खरं केळफूल, त्याची पाकळी नुकती सुटायला लागलेली असते ना तसं. दोन खांबांच्या मधे महिरप. दरवाजावर पुढे आलेली मेघडंबरी. माझी एक मैत्रीण आर्किटेक्ट आहे, ती म्हणते हे बघताना नक्षीकडे नंतर बघ, आधी सांधे बघ, लाकडात लाकूड कसं बसवलंय ते बघ. तिच्याबरोबर गेले तेव्हापासून मला सांधेच दिसतात.

वाड्याची सगळी गणितं सुतारांची आणि गवंड्यांची. काळ्या दगडाचं जोतं, जोत्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे बसके दगड, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट म्हणजे लाकडी छत. लाकडी सांगाडा भार पेलतो आणि भिंती त्या सांगाड्याला धरून उभ्या, वरच्या मजल्यांना चपट्या विटा आणि घाणीत मळलेला चुना. आणि घर मोजायचं ते फुटात नाही, खणात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. "किती खणी आहे?" असं विचारायचे. हा खण शब्द पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगितला.

या सुतारांची नावं माझ्या एकाही शाळेच्या पुस्तकात नव्हती. बाजीरावाची सनावळी पाठ करून घेतली आमच्याकडून, पण केळफूल कुणी कोरलं ते कुणी सांगितलं नाही. तो माणूस पुण्यात कुठल्या पेठेत राहत होता, त्याचा दिवसाचा रोज काय होता, डबा कोण आणून देत होतं त्याला, हे मला खरंच जाणून घ्यायला आवडलं असतं.

पेशवे गेल्यावर तीनच वर्षांनी, ६ ऑक्टोबर १८२१ ला, याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. श्रावणात पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, पर्वतीच्या रमण्यात त्यासाठी झुंबड उडायची, ती दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यात असंतोष माजेल हे इंग्रजांना नीट कळत होतं. म्हणून त्यातला काही पैसा शिक्षणाकडे वळवला. एल्फिन्स्टन तोवर मुंबईचा गव्हर्नर झाला होता आणि इथं कमिशनर होता चॅपलिन. ज्या रेसिडेंटने पेशव्याला घेरत आणलं त्यानेच पेशव्याच्या घरात पेशव्याच्याच दक्षिणेच्या पैशातून शाळा घातली, या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबते. त्यात मुत्सद्दीपणा होता हे उघड आहे, पण त्या मुत्सद्दीपणातून वाड्यात पोरं आली, आणि जिथं हुजरे उभे राहायचे तिथं व्याकरण आणि न्यायशास्त्र घोकायला लागली. प्रवेश मात्र ब्राह्मणांनाच. हेही सांगितलं पाहिजे, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळत नाही.

त्या पाठशाळेतून कृष्णशास्त्री चिपळूणकर शिकून बाहेर पडले. पुढे पाठशाळेवर प्रमुख म्हणून मेजर थॉमस कँडी आला. हा विलक्षण माणूस. लष्करातला इंग्रज, पण मराठीत इतका मुरला की मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात तो आणि त्याचा भाऊ जॉर्ज दोघंही होते. १८५० च्या सुमारास त्याने विरामचिन्हांवर मराठीत एक छोटं पुस्तक केलं. आपण आज वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देतो, स्वल्पविराम देतो, प्रश्नचिन्ह टाकतो, ही वहिवाट मराठीत रुजवण्यात या माणसाचा मोठा वाटा. त्याने मराठीला इंग्रजी वळण लावलं म्हणून त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली आणि ती काही अगदीच खोटी नव्हती, पण मी हे टाइप करताना प्रत्येक ओळीत त्याचं देणं वापरतेय हेही खरं. खळीचं बोट मी ज्या वाड्याच्या खांबाला पुसलं तिथं पूर्वी स्वल्पविरामांचा विचार चालायचा!

आणि आता ती तारीख. १६ नोव्हेंबर १८५२. या दिवशी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीराव फुल्यांचा जाहीर सत्कार झाला. मेजर कँडीच्या हस्ते. कशाबद्दल, तर मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळा चालवल्याबद्दल.

जोतीराव तेव्हा २५ वर्षांचे. सावित्रीबाई २१. भिडे वाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची, म्हणजे चार-पाच वर्षं झालेली, आणि या चार-पाच वर्षांत त्यांनी काय काय सोसलं ते आपण सगळे वाचून आहोत, सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल टाकणारे लोक, समाजाच्या दडपणाने सुनेसकट मुलाला घराबाहेर काढणारे वडील. आणि असा एक माळ्याचा मुलगा पुण्यात ब्राह्मणी विद्येचं जे मुख्य घर होतं, शेवटच्या पेशव्याने स्वतःसाठी बांधलेलं, जिथं तीसेक वर्षं शास्त्री बसून शिकवत होते, त्या घरात जाहीरपणे सन्मानाने उभा राहिला. भिडे वाड्यापासून विश्रामबाग चालत दहा मिनिटं. मी एकदा मुद्दाम चालून बघितलं, दगडूशेठच्या समोरून निघाले, लक्ष्मी रोडला वळले, पुढे बाजीराव रोड. गर्दीतसुद्धा दहाच्या वर फार लागली नाहीत. जोतीरावांना ती दहा मिनिटं चालायला पाच वर्षं लागली.

हा वाडा मला प्रिय आहे तो या दिवसामुळे. बाजीरावामुळे नाही. १६ नोव्हेंबरला त्या दारावर साधा हार तरी लावला पाहिजे असं मला दर वर्षी वाटतं. आणि भिडे वाडा तर आता राहिलाच नाही, इतकी वर्षं पडका राहिला, कोर्टकज्ज्यात अडकला, २०२३ च्या डिसेंबरात तो उतरवला आणि तिथं स्मारक करायचं ठरलंय. स्मारक व्हायलाच हवं. पण ते उंबरे, ते लाकूड, पहिल्या मुली ज्या दारातून आत शिरल्या ते दार, हे काही स्मारकात परत आणता येत नाही, आणि बातमी बघताना मला फार वाईट वाटलं होतं. म्हणून विश्रामबाग उभा आहे याची किंमत मला जास्तच वाटते. त्या दिवसाचा तो साक्षीदार आहे आणि अजून हाताला लागतो.

तोही जवळजवळ गेलाच होता खरंतर. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाड्याला आग लागली आणि त्याच रात्री विश्रामबागलाही. त्या वेळी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं, सरकार आधीच बिथरलेलं, त्यामुळे संशय आधी त्या बाजूला गेला आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाकडेसुद्धा वाकड्या नजरेनं बघितलं गेलं. नंतर चौकशीत सरकारी पुस्तकांच्या डेपोतल्या एका कारकुनाचं नाव निघालं. बुधवारवाडा गेला तो गेलाच. सागवानी वाडे जळतात तेव्हा कसे जळतात ते पुण्याने आधीही बघितलेलं होतं, १८२८ मध्ये शनिवारवाडा, तो तर कित्येक दिवस धुमसत होता म्हणतात. विश्रामबागचा मात्र काही भागच जळाला. आणि तो लोकांनी वर्गणी काढून, म्युनिसिपालिटीने भर घालून पुन्हा उभा केला.

वर्गणी! आपल्याकडे वर्गणी गणपतीसाठी निघते, नाटकासाठी निघते, देवळाच्या कळसासाठी निघते. १८७९ नंतर पुणेकरांनी वाड्यासाठी काढली. पेशवे जाऊन साठ वर्षं झालेली, देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पेशवाई पाहिलेलीही नसणार. मला वाटतं त्या दिवसापासून वाडा खऱ्या अर्थाने गावाचा झाला. सरकारी हायस्कूल, मग म्युनिसिपालिटी, पोस्ट, पुढे पुण्याच्या इतिहासाचं 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे प्रदर्शन, प्रत्येक पिढीने त्याला आपापल्या कामाला लावलं. रोजची पावलं होती म्हणून तो राहिला. शनिवारवाड्याच्या आत आज नुसती जोती आहेत आणि हिरवळ.

आता आमच्या वाड्याचं. तो काही इतिहासात नोंद व्हावी असा वाडा नव्हता. मालक पुढच्या भागात, मागे आठ भाडेकरू, मधे चौक, चौकात हौद, एक प्राजक्त. आम्ही दोन खण. म्हणजे मी सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही सहा माणसं दोन खणांत राहत होतो आणि मला ती जागा कधीही कमी वाटली नाही, कारण चौक सगळ्यांचा होता, ओसरी सगळ्यांची होती, उन्हाळ्यात गच्ची सगळ्यांची. भाडं चौदा रुपये. कायदाच असा होता की भाडं वाढवता येत नव्हतं, आणि चौदा रुपये गुणिले आठ यात कौलं शाकारायची की तुळई बदलायची? मालक काही वाईट माणूस नव्हता, पावसाळ्याच्या आधी स्वतः शिडी लावून कौलं चढायचा. भाडेकरू पण वाईट नव्हते, जायचं कुठं त्यांनी. पानशेतचा पूर आला, १२ जुलै १९६१, त्यात नदीकडच्या पेठांमधले मातीचे वाडे ढेकळासारखे विरघळले, आमचा उंचावर म्हणून वाचला. पुरातून वाचलेला वाडा शेवटी भाऊबंदकी, गळकं छप्पर आणि बिल्डरची ऑफर यांच्यात गेला. पुण्यात हीच गोष्ट हजार घरांत झाली असेल, पाट्या फक्त वेगळ्या.

वाडा पाडायच्या दिवशी अण्णा तिथं गेले होते. आम्ही कोथरूडला येऊन तोवर पुष्कळ वर्षं झाली होती. कुणाला न सांगता बसने गेले आणि संध्याकाळी परत आले ते हातात एक तळखडा घेऊन, म्हणजे हातात नाही, रिक्षात घालून, दोन माणसांनी उचलून जिन्याखाली आणून ठेवला. कमळाच्या पाकळ्या कोरलेला काळा दगड, वरती खांब बसायची चौकोनी खाच. आजी म्हणाली, "आता हे धोंडं कुठं ठेवायचं?" अण्णा काही बोलले नाहीत. तो आजही आमच्याकडे आहे, खाचेत तुळशीची कुंडी बसते.

तर गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, ऊन उतरायच्या आधीच, मी आणि बाबा रिक्षाने निघालो. रिक्षा शनिपाराशी सोडली कारण पुढे हलेचना. बाबा माझा हात धरून चालत होते आणि प्रत्येक दुकानाच्या जागी आधी काय होतं ते सांगत होते. वाड्यासमोर आल्यावर मात्र गप्प झाले. वर बघत उभे राहिले. मागून लोक धक्के देत होते, एक बाई म्हणाली काका बाजूला व्हा, मी त्यांना दरवाज्याच्या आत घेतलं.

आत पाऊल टाकल्याबरोबर तोच गारवा. मला पोस्टातली खळ आठवली, बाबांना अण्णांच्या शाईचा वास. जिना चढताना ते दोनदा थांबले. जुन्या वाड्यांचे जिने उंच पायऱ्यांचे, त्यात गुडघे, मी म्हटलं बाबा राहू दे, इथूनच बघू, तर म्हणाले, "डबा घेऊन पळत चढायचो मी." आणि चढले.

वर आल्यावर ते खांब मोजायला लागले. मोठ्याने. सुरुवात कुठून करायची यावरच आधी पाच मिनिटं गेली, कारण त्या काळी मधे लाकडी पार्टिशन होती, कपाटं होती, फायलींचे गठ्ठे छतापर्यंत, आणि आता सगळं मोकळं, इतका मोठा सोपा त्यांनी तसा रिकामा कधी बघितलाच नव्हता. "जिन्यातून वर आलं की उजवीकडे. एक खण, दोन खण, तीन... तिसऱ्या खणात शिपाई बसायचा स्टुलावर, त्याचं नाव... जाऊ दे. चार. पाच." पाचव्या खणाशी थांबले. काठी भिंतीला टेकवली आणि खांबाला हात लावला. माझी नजर तिथल्या राखणदाराकडे गेली, हात लावू नका असं म्हणणार असं वाटलं, पण त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

"इथं टेबल. अण्णांची पाठ खांबाला. मी आलो की मान वर न करता बोटानेच दाखवायचे, ठेव तिथं. मग मी जाईपर्यंत बघायचे नाहीत. आणि जिन्यापाशी जाऊन मी मागे वळून बघितलं की बघत असायचे."

हे मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. आमटीचं शंभर वेळा ऐकलं होतं, हे नाही.

अण्णा या खांबाला पाठ लावून बसले, तीस वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी इथं, आणि घरपट्टीच्या की कसल्या त्या नोंदी करत राहिले. त्याच्या शंभर वर्षं आधी याच छताखाली जोतीराव आले, कँडी वावरला, त्याच्याही आधी शास्त्रीबुवांपुढे पोरं मांडी घालून बसली. खांब तोच किंवा त्याच्या शेजारचा. मला एकदम भरून आलं आणि मी खिडकीकडे गेले, खाली बाजीराव रोडवर हॉर्न, टेम्पो, एक माणूस डोक्यावर गाद्यांची वळकटी घेऊन चाललेला.

तेवढ्यात बाबांनी मोबाईल काढला. आत्याला लावला, सांगलीला. आत्या त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, बाबांना ताप असला की डबा तिने पोचवलेला. स्पीकरवर टाकलं. "ताई, मी विश्रामबागेत आहे. अण्णांच्या टेबलापाशी उभा आहे."

"कुठल्या?"

"कुठल्या काय, जिन्यातून वर आलं की उजवीकडे, पाचवा खण."

"छे, उजवीकडे कुठलं? डावीकडे. खिडकीपाशी. खिडकीतनं मला समोरचा बोहारणींचा ठिय्या दिसायचा."

"ताई, खिडकी इकडेपण आहे."

"अरे मी तुझ्या आधी दोन वर्षं डबा नेलाय, मला सांगू नकोस. डावीकडे जाऊन बघ, खांबावर अण्णांनी कोरलेलं असेल काहीतरी, तारीख की काय, मला दाखवलं होतं त्यांनी."

अण्णा, आणि खांबावर कोरणार? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग फोन तसाच चालू ठेवून, काठी माझ्याच हातात विसरून, भिंतीच्या आधाराने ते डावीकडे निघाले. "थांब, फोन ठेवू नकोस," म्हणाले, "मोजतो. एक. दोन."